आपले आरोग्य : सर्रा आणि गरिबाचे औषध



पावसाळ्यात आपल्या परभणी, पूर्णा, गंगाखेडकडे गोठ्यांत मोठ्या चावऱ्या माशा वाढतात. या माशा एका जनावराचे रक्त पितात व दुसऱ्याला चावतात. त्यातून 'सर्रा' पसरतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खंगते, म्हैस आटते, गाभण असेल तर गाभ टाकते. रोगाचे कारण रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी, त्याचे नाव ट्रिपॅनोसोम. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबात तो घोडे व उंट यांच्या रक्तात शोधला.

माणसाला सर्रा होत नाही, असेच सारे समजत होते. आपल्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते. परंतु २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा ताप महिनोन् महिने हटेना. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हिवतापाचा नव्हे, सर्ऱ्याचा परजीवी दिसला! पुढे कळले की, जन्मतःच त्याच्या रक्तात ते प्रथिन नव्हते. गावातील १८०६ लोकांची तपासणी झाली. ज्यांच्याबद्दल अधिक शंका होती, त्यांच्या रक्तात परजीवी आढळला नाही.

आता औषध कोणते द्यावे? सुरामिन हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले औषध जागतिक आरोग्य संघटनेकडून मागवावे लागले. त्याने तो शेतकरी बरा झाला.

इतके जुने औषध का? कारण हा रोग गरिबाचा. आफ्रिकेत याच जातीच्या परजीवीने माणसाला 'झोपेचा रोग' होतो. त्यावरील एका आर्सेनिकयुक्त औषधाने शंभरातले सुमारे पाच रोगी औषधानेच दगावत. एफ्लॉर्निथिन हे चांगले औषध होते, पण नफा नाही म्हणून १९९५ साली त्याचे उत्पादन बंद पडले. पुढे तेच द्रव्य बायकांच्या चेहऱ्यावरील लव रोखणाऱ्या मलमात आले! ओरड झाली, तेव्हा २००१ साली रोग्यांसाठी ते फुकट मिळू लागले. २००३ साली उपेक्षित रोगांवरील औषधांसाठी नफा न पाहणारी संस्था निघाली. तिच्या प्रयत्नांतून फेक्सिनिडाझोल ही गोळी आली. २०१८ साली तिला युरोपच्या औषधसंस्थेची अनुकूल शिफारस मिळाली. दहा दिवस गोळ्या घ्यायच्या, सलाइनची गरज नाही.

म्हणजे औषध निघू शकत नव्हते असे नाही. कुणी काढत नव्हते.

आपण काय करावे? गोठा कोरडा ठेवावा. गुराचा ताप वारंवार उलटत असेल, तर अंगारे-धुपारे न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याचे रक्त तपासून घ्यावे. हाताला जखम असताना आजारी जनावराच्या रक्ताला हात लावू नये. आणि घरात कुणाचा ताप हटत नसेल, तर नुसत्या गोळ्या आणून गप्प बसू नये. "डॉक्टरसाहेब, रक्त तपासा" असे ठामपणे म्हणावे. चंद्रपूरचा तो शेतकरी वाचला, तो रक्त पाहिले गेले म्हणूनच.