‘फूंक’ पाहिला, भूत कुठे दिसले नाही

घरातल्या पोरांनी हट्ट धरला म्हणून परवा आम्ही रामगोपाल वर्मांचा ‘फूंक’ पाहिला. २००८ साली तो आला तेव्हा थिएटरात एकट्याने बसून पाहणाऱ्याला पाच लाखांचे बक्षीस जाहीर झाले होते! कावळा, बाहुली आणि कानठळ्या बसवणारे आवाज. पोरे घाबरण्याऐवजी हसू लागली. अहसास चन्ना या लहान मुलीचे काम तेवढे चांगले.

आम्हांला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नायक सुदीप देव-भूत काहीच न मानणारा. त्याची मुलगी झपाटल्यासारखी वागू लागते, डॉक्टर हात टेकतात आणि शेवटी उपयोगी पडतो तो मांत्रिक! म्हणजे करणी खरी आणि विचार करणारा बाप खोटा. वाचकहो, आपल्या वस्तीत आजही लेकरू तापाने फणफणले की कुणीतरी आधी अंगारा आणायला धावते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली त्यांचा खून झाल्यावरच आला.

चित्रपट संपल्यावर आमच्या धाकटीने विचारले, “मग डॉक्टर एवढे शिकले कशाला?” रात्री उशिरापर्यंत आम्ही तिला तेच समजावत बसलो.