बड्या मोटारीला गॅस वर्ज्य का?

वांद्र्याच्या पाली हिलवर, कार्टर रोडच्या कडेला किंवा टर्नर रोडच्या वळणावर ज्या आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह मोटारी उभ्या असतात, ज्यांच्या इंजिनात सहा किंवा आठ सिलिंडर असतात आणि ज्यांची चारही चाके एकाच वेळी जोर घेऊ शकतात, अशा एखाद्या मोटारीत एलपीजीचे किट बसवावे असे कोणी सुचविले, की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आधी अविश्वास आणि मागाहून तुच्छता उमटते. टॅक्सीवाल्याने गॅस भरावा, रिक्षावाल्याने भरावा, फार तर महिनाअखेरीचा जमाखर्च जुळविणाऱ्या नोकरदाराने आपल्या लहान मोटारीत भरावा. परंतु ज्याने लक्षावधी रुपये मोजून सामर्थ्य विकत घेतले, त्याने गॅसच्या रांगेत उभे राहणे हे त्याच्या इभ्रतीस शोभत नाही आणि त्या यंत्रासही मानवत नाही, असा हा पूर्वपक्ष आहे. तो निव्वळ गर्वापोटी मांडला जातो असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे स्फोटाचे भय आहे, यंत्राविषयीची ममता आहे, कायद्यासंबंधी गैरसमज आहेत, आणि एक नैतिक शंकाही आहे, जिचा विचार पुढे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र आरंभीच नमूद केलेले बरे: पेट्रोलवर चालणाऱ्या बड्या मोटारीस गॅस वर्ज्य नाही, एवढेच नव्हे तर या शहरात इंधन बदलण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर सर्वांआधी यावयास हवे होते त्या याच मोटारी होत.

हे कर्तव्य आजवर कोणी वाहिले, ते पाहावे. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यानंतरच्या हुकुमांनी पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळणे भाग पडले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जिचे पेट्रोल इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे, तिच्या डिकीत सीएनजीचे अवजड सिलिंडर बसले. उतारूंच्या सामानाची जागा गेली, ते टपावरच्या कॅरिअरवर चढले, आणि टॅक्सीवाला पहाटेपासून पंपाच्या रांगेत उभा राहू लागला. ज्या महानगर गॅस कंपनीने १९९५ पासून हे इंधन शहरात आणले, तिची मुख्य कचेरी आज वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आपल्याच दारात आहे. मुंबईची हवा सुधारण्यासाठी ज्याच्याकडे देण्यासारखे सर्वांत थोडे होते त्याने डिकी दिली, वेळ दिला, कर्ज काढून किटचा खर्च सोसला. त्याच रस्त्यावर साडेचार लिटरचे, म्हणजे पद्मिनीच्या चौपटीहून मोठे इंजिन घेऊन जाणाऱ्या मोटारीस मात्र कोणी काहीच विचारले नाही. न्यायाची ही विषम वाटणी आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती विषम आहे हेही ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच या विषयावर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

आता इभ्रतीचा आक्षेप घेऊ. आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह मोटारींच्या कुळात ज्या मोटारीस अग्रपूजेचा मान दिला जातो ती रेंज रोव्हर १९७० साली ब्रिटनमध्ये अवतरली. तिचे आठ सिलिंडरांचे अॅल्युमिनियमचे इंजिन मुळात अमेरिकेतील ब्यूक कंपनीचे, जे रोव्हरने १९६० च्या दशकात विकत घेऊन आपलेसे केले. साडेतीन लिटरपासून आरंभ करून १९९० च्या दशकात हेच इंजिन ४.६ लिटरपर्यंत वाढले, आणि त्याची तहानही वाढली. ब्रिटनच्या सरकारने एलपीजीवरील कर पेट्रोलच्या मानाने पुष्कळ कमी ठेवला, त्यामुळे तेथील असंख्य मालकांनी, ज्यांत शेतकरी होते, पशुवैद्य होते आणि घोड्यांच्या गाड्या ओढून नेणारे हौशी सद्गृहस्थही होते, आपल्या रेंज रोव्हरमध्ये गॅसच्या टाक्या बसवून घेतल्या. या मोटारींत गॅस ही तेथे इतकी परिचयाची गोष्ट झाली की जुनी मोटार घेणारा मनुष्य किट आहे की नाही हे आधी विचारतो. ज्या देशात या मोटारीची प्रतिष्ठा जन्मली त्या देशात ती प्रतिष्ठा गॅसने भंगली नाही. २००८ साली ती कंपनी टाटांकडे आली, तिचा कारभार अंतिमतः फोर्टातील बॉम्बे हाउसशी जोडला गेला, आणि २०११ पासून लँड रोव्हर मोटारींची जुळणी पुण्यात होऊ लागली. तेव्हा मोटारीच्या कुलशीलाची ग्वाही द्यावयाची तर ती देण्याचा अधिकार आता आपल्याकडेच आहे.

यंत्राच्या ममतेपोटी जो आक्षेप घेतला जातो तो अधिक आदरास पात्र आहे, कारण तो घेणाऱ्यांत आयुष्यभर इंजिनांवर हात काळे केलेले जाणते मिस्त्री असतात. गॅसने शक्ती घटते, असे ते म्हणतात. आणि ते खरे आहे. टाकीतील द्रवरूप गॅस रेड्युसरमध्ये इंजिनच्या गरम पाण्याची उष्णता घेऊन वायुरूप होतो, आणि तो वायू सिलिंडरमध्ये शिरताना तितक्या जागेची हवा बाहेर ठेवतो. परिणामी तीन ते पाच टक्के जोर कमी होतो. परंतु सव्वादोनशे अश्वशक्तीच्या इंजिनातून दहा-अकरा अश्वशक्ती वजा झाली म्हणून हिल रोडवर काय अडणार आहे? वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे. उलट लहान मोटारीत हीच घट पाली हिलचा चढ चढताना जाणवते, म्हणजे शक्तीचा युक्तिवाद खरा मानला तर तो लहान इंजिनाच्या विरुद्ध जातो, मोठ्याच्या नव्हे. गॅसचा ऑक्टेन क्रमांक शंभराच्या वर असतो, त्यामुळे इंजिन नॉक करीत नाही. तो कोरडा व स्वच्छ जळतो, त्यामुळे इंजिन-ऑइल अधिक काळ निर्मळ राहते. व्हॉल्व्हच्या सीट मऊ धातूच्या असतील तर त्या झिजतात ही तक्रार काही इंजिनांबाबत सयुक्तिक आहे, आणि तिचा विचार किट बसविण्यापूर्वी झालाच पाहिजे. परंतु यंत्राला एकच इंधन विहित आहे आणि दुसरे निषिद्ध, असा काही दंडक नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा आपल्याकडील सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढविल्या गेल्या, आणि त्या धुरकट गॅसवर माणसे गावोगाव पोचली. आजचा गॅस तर शुद्धीकरण कारखान्यातून येतो.

टाकीच्या जागेबद्दल कुरकुर होते, तीही बड्या मोटारीच्या बाबतीत फोल आहे. सीएनजी सुमारे २०० बार दाबाखाली साठवावा लागतो, म्हणून त्याचे सिलिंडर जाड, जड आणि लांबोडके. एलपीजी मात्र दहा बारच्या आतबाहेरच द्रवरूपात राहतो, म्हणून त्याची टाकी मेदुवड्याच्या आकाराची करून स्टेपनीच्या खळग्यात बसविता येते आणि तितक्याच जागेत सीएनजीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मावते. मोठ्या तहानेच्या इंजिनास सीएनजीपेक्षा एलपीजी का सोयीचा, याचे कारण हे.

पैशाचा हिशेब थोडक्यात सांगून पुढे जातो. एक लिटर पेट्रोलचे काम करण्यास सुमारे सव्वा लिटर गॅस लागतो, तेव्हा गॅसचा दर पेट्रोलच्या चार-पंचमांशाहून जितका खाली असेल तितकी बचत. आणि मुंबईत पेट्रोल २९ मे २०२१ रोजी शंभर रुपयांच्या पलीकडे गेले ते आजही शंभराच्या वरच आहे. लिटरला सहा किलोमीटर जाणारी मोटार महिन्यास नऊशे किलोमीटर धावली तर दीडशे लिटर पिते. पंधरा किलोमीटर जाणारी तेवढ्याच अंतरास साठ. त्याच प्रमाणात बचत अडीचपट, आणि कर्बवायूतील दहा ते पंधरा टक्क्यांची घटही वजनाने अडीचपट. धनिकाला बचतीची गरज नाही, असे म्हणणाऱ्यास मी इतकेच सांगेन की हवेला आहे.

स्फोटाच्या भयाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हे भय निराधार नाही. १९९९ साली फ्रान्समधील ल्यों शहरानजीक व्हेनिस्यू येथे पेटलेल्या एका मोटारीची गॅसटाकी फुटून अग्निशामक दलाचे जवान जखमी झाले. त्या टाकीस दाब मोकळा करणारी झडप नव्हती. या दुर्घटनेनंतर युरोपात अशी झडप सक्तीची झाली. आज मान्यताप्राप्त टाकीच्या तोंडाशी जो मल्टिव्हॉल्व्ह असतो तो टाकी ऐंशी टक्के भरताच भरणे थांबवितो, जेणेकरून उन्हात द्रव प्रसरण पावण्यास जागा उरते. दाब वाढल्यास वायू मोकळा सोडतो. नळी तुटल्यास प्रवाह रोखतो. आणि इग्निशन बंद होताच विजेवर चालणारी झडप टाकी बंद करते. भारतात या टाक्यांना आयएस १४८९९ हे मानक लागू आहे, आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचे जे केंद्रीय खाते त्यांना मंजुरी देते त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. वांद्र्यातील नव्या इमारतींच्या तळघरांत मोटारी ठेवाव्या लागतात, गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचेल, ही हरकत गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वारंवार घेतली जाते. हरकत रास्त आहे. फक्त ती घेणारांनी हेही ध्यानात घ्यावे की पेट्रोलची वाफ हवेहून तीन ते चारपट जड असते आणि तीही त्याच तळघरात साचते. तिच्यासाठी आपण कधी सभा बोलावली नाही. जमिनीलगत हवा खेळविणारे पंखे तळघरात असणे हा खरा उपाय आहे, आणि तो दोन्ही इंधनांस सारखाच आवश्यक आहे.

आता ती नैतिक शंका. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत बर्शेनच्या नावाने गॅस आणला आणि चूल-स्टोव्हाच्या धुरातून अनेक घरांतील स्त्रियांची सुटका होऊ लागली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने तोच गॅस खेड्यापाड्यांतील गरीब घरांत नेला. देशाला लागणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणावा लागतो. अशा स्थितीत स्वयंपाकघराचे इंधन श्रीमंताच्या मोटारीत जाळावे काय? हा प्रश्न मनास खरोखर टोचतो, आणि त्यास उडवाउडवीचे उत्तर देता येणार नाही. परंतु ज्या पेट्रोलच्या जागी हा गॅस जळणार तेही बहुतांशी आयात केलेल्या कच्च्या तेलातूनच येते. वाहनांचा ऑटो एलपीजी पंपावर वेगळा, विनाअनुदान विकला जातो, आणि त्याने कोणाच्या चुलीवरचा सिलिंडर हिरावला जात नाही. हिरावला जातो तो १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर आडबाजूच्या गॅरेजात उलटा करून मोटारीत ओतला जातो तेव्हा. ते कृत्य बेकायदा आहे, प्राणघातक आहे, आणि गरिबाच्या ताटावर टाकलेला दरोडा आहे. ज्याच्या मोटारीची किंमत एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या मिळकतीहून अधिक, त्याने असे केले तर त्यास क्षमा नसावी.

काही मर्यादा मी मोकळेपणाने मान्य करतो. या मोटारींपैकी पुष्कळशा डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, म्हणून त्यांना हे किट जसेच्या तसे लागू पडत नाही आणि माझे विवेचनही लागू पडत नाही. ज्या नव्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरच्या पोटात फवारले जाते, तेथे फवारणीच्या इंजेक्टरना थंड राखण्यासाठी थोडे पेट्रोल जाळीत राहावे लागते, त्यामुळे लाभ घटतो. नव्या बीएस-६ मोटारीचा धूर मुळातच कमी असल्याने तेथे हवेचा लाभ मुख्यतः कर्बवायूपुरता. विजेची मोटारच घ्यावी असे जे म्हणतात त्यांच्याशी माझे भांडण नाही; परंतु अजून वीस वर्षे चालेल असे पोलाद भंगारात टाकणे हाही एक अपव्यय आहे, आणि जुन्या, दणकट, इनटेकच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या सहा-आठ सिलिंडरांच्या इंजिनास गॅस हाच योग्य मध्यम मार्ग आहे.

उरला कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींतील मनमानी फेरफारांस मनाई केली, तेव्हापासून गॅसकिटही बेकायदा झाले अशी समजूत पसरली आहे. ती चूक आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्येच मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलण्यास स्पष्ट मुभा आहे, २००१ च्या केंद्रीय आदेशाने वाहनांतील एलपीजीचे नियम ठरवून दिले आहेत, आणि २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल मोटारींनाही हे दार उघडले गेले. खरी अडचण निराळी आहे. किटची मान्यता इंजिनाच्या आकारमानाच्या ठराविक पट्ट्यापुरती दिली जाते, आणि मोठ्या इंजिनांचे गिऱ्हाईक थोडे असल्यामुळे किट बनविणारे त्यांच्या चाचण्यांवर खर्च करण्यास धजत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील पेट्रोल-डिझेलच्या मोटारी टप्प्याटप्प्याने हटविता येतील काय, याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यास राज्य शासनास सांगितले. त्या निमित्ताने शासनाने दोन गोष्टी हाती घ्याव्यात: अडीच लिटरवरील इंजिनांच्या किटचाचण्यांचा भार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमार्फत स्वतः उचलावा आणि तो खर्च बड्या मोटारींच्या करातून वसूल करावा; तसेच वांद्र्यापासून दहिसरपर्यंत ऑटो एलपीजीचे पुरेसे पंप उघडण्यास तेल कंपन्यांना भाग पाडावे. आणि ज्यांच्या इंजिनास मान्य किट आजच उपलब्ध आहे, त्या एमएच ०२ क्रमांकाच्या मालकांनी अंधेरीच्या परिवहन कार्यालयात अर्ज करून आरसी बुकात इंधनाची दुहेरी नोंद करून घ्यावी, विमा कंपनीस तसे लेखी कळवावे, आणि पंपावर टॅक्सीच्या मागे आपली मोटार उभी करावी.