‘गर्दुल्ला’ म्हणून विषय संपत नाही

मोहल्ल्यातला एखादा मुलगा ब्राऊन शुगरच्या, पुढे इंजेक्शनच्या नादी लागला की आपण त्याला ‘गर्दुल्ला’ म्हणतो आणि विषय संपवतो. मग त्याला टीबी झाला, हातावर गळू आलं, कावीळ झाली, की म्हणतो, ‘केलं तसं भोगतोय.’ हा निवाडा चुकीचा आहे.

शरीरात काय घडतं ते समजून घेऊ. हेरॉइन, मॉर्फिनसारखे अफूचे पदार्थ फक्त मेंदूवर परिणाम करत नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही ते दुबळं करतात. त्यात उपासमार आणि रस्त्यावरचं झोपणं. अशा शरीरात अस्वच्छ सुईतून जंतू थेट रक्तात जातात. गळवं होतात, कधी हृदयाच्या झडपा खराब होतात. सिरिंज दोघांत वापरली तर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी पसरतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक नशेसाठी इंजेक्शन घेतात. २०१७ च्या सरकारी पाहणीत अशा लोकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६ टक्क्यांहून जास्त होतं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते पाव टक्काही नव्हतं.

यावर उपाय आहेत. स्वच्छ सुया मिळाल्या तर लागण कमी होते. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने इंजेक्शन सुटू शकतं. हेपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे.

‘नशा हराम आहे, मग सुया वाटायच्या कशा?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. इराणमध्ये तुरुंगांत सुयांमधून एचआयव्ही पसरला, तेव्हा तिथेही हा पेच होता. २००५ मध्ये तिथल्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख आयातुल्ला शाहरूदी यांनी न्यायाधीशांना कळवलं, की सुया आणि मेथाडोन देणाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नका. नशा तिथेही हरामच राहिली, पण जीव वाचवणं आधी आलं. आपल्याकडेही २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने या कामाला संरक्षण दिलं आहे.

म्हणून आपल्या तरुणांनी दोन गोष्टी कराव्यात. जवळचं उपचार केंद्र शोधून ठेवावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ या हेल्पलाइन आहेत. आणि तो मुलगा दवाखान्यात जायला तयार झाला, तर त्याला एकट्याला पाठवू नये, सोबत जावं. जनाज्याला खांदा द्यायला आपण सगळे जातोच. त्याआधी ओपीडीच्या रांगेत त्याच्याबरोबर उभं राहायला काय हरकत आहे?