जुनी तार, जुने संगणक आणि आपली पेढी

वस्तू घेताना व्यापाऱ्याची बुद्धी जशी कसोटीस लागते, तशीच ती टाकून देतानाही लागली पाहिजे. आज आपल्या घरांतून दोन वस्तू टाकाऊ ठरू पाहत आहेत : एक जुना संगणक आणि दुसरी दूरध्वनीची तांब्याची तार. या दोहोंची सांगड घातल्यास पेढीचे मोठे काम होईल, असे माझे नम्र मत आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबविली आणि अनेक चालते संगणक ‘जुने’ ठरले. घरोघरी फायबरची जोडणी आल्याने भिंतींतून फिरविलेली जुनी तारही मुकी पडली आहे.

पुढे दुकान, मागे वखार व माडीवर बिऱ्हाड अशी ज्यांची वास्तू आहे, त्यांची अडचण मी जाणतो. वखारीतून किती पोती गेली, हे दुकानातील संगणकास सायंकाळपर्यंत कळत नाही. मग नसलेला माल विकला जातो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द खाली पडतो. तरुण मंडळी म्हणतात, वायफाय घ्या. एका दालनापुरते ते ठीक; परंतु पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती ओलांडता ओलांडता त्या लहरी क्षीण होतात. तारेला भिंतीची अडचण नाही.

मनुष्याचा आवाज तारेवरून सुमारे ४ किलोहर्ट्‌झच्या आतच जातो. वरचा विस्तीर्ण पट्टा मोकळा राहतो. त्यातून संगणकांचे संदेश धाडण्याची रीत १९९८ साली स्थापन झालेल्या ‘होमपीएनए’ संघटनेने रूढ केली. तिच्या पहिल्या पद्धतीचा वेग सेकंदास १० लक्ष बिट, तर दुसरीचा १ कोटी. म्हणजे १० मेगाबाइटची खतावणी पहिलीने सुमारे दीड मिनिटात, तर दुसरीने दहा सेकंदांच्या आसपास पोहोचते. आजची ‘जी.एचएन’ पद्धत याहून पुष्कळ वेगवान आहे. पोत्यांच्या हिशेबास यांपैकी कोणताही वेग पुरेसा होय.

मात्र काही पथ्ये पाळावीत. दोन्ही टोकांची जोडयंत्रे एकाच पद्धतीची असावीत. भिन्न पद्धतींची यंत्रे परस्परांशी बोलतीलच असे नाही. घरातील तार बाहेरच्या लाइनपासून जाणकाराकडून तोडून घ्यावी व रस्त्यावरील तारेस हात लावू नये. विजा चमकू लागताच यंत्रे तारेवरून काढावीत. देखभाल थांबलेला संगणक इंटरनेटला जोडू नये. जीएसटीचे विवरणपत्र अद्ययावत यंत्रावरूनच भरावे. जुन्या डिस्कचा भरवसा नसल्याने हिशेबाची प्रत रोज वेगळी काढावी.

पावसाळी ओलाव्याने सांधे गंजलेले असतात. म्हणून जोडयंत्रे प्रथम उसनी आणून आठ दिवस चालवून पाहावीत. तार निकामी निघाल्यास हट्ट न धरता नवी नेटवर्क केबल टाकावी.

जुने ते सर्व सोने, असे मी म्हणत नाही. परंतु धान्याचा नमुना पाहिल्याविना आपण पोते नाकारत नाही. तोच न्याय भिंतीतील तारेस लावावा, एवढीच सभासद बंधुभगिनींस विनंती.