शिडाच्या जहाजावरची सुटी

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही. तरीही या महिन्यात आम्ही शिडाच्या जहाजाविषयी सांगणार आहोत.

भूमध्य समुद्रात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या काही शिडाच्या जहाजांवर सुटीला आलेले पाहुणेही दोर ओढतात, रात्री पहारा देतात, सुकाणू धरतात. ही सुटी आपल्या खिशाला परवडणारी नाही. पण अशी शिकवण आपल्या देशातही मिळते. गोवा शिपयार्डने बांधलेले ‘आयएनएस तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १९९७ पासून नौदलाच्या छात्रांना हेच शिकवते. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या लहान शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली.

हे वाचून काही अम्मी म्हणतील, ‘मुलीला पाण्याजवळ पाठवायचेच कशाला?’ ही भीती खोटी नाही. नदी-तलावात मुले बुडतात. पण बुडतात ती बहुधा पोहता न येणारी. म्हणून मुलांना आणि मुलींनाही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आधी पोहायला शिकवा.

‘खलाशी’ आणि ‘मोसम’ हे शब्द अरबीतून आपल्याकडे आले, ‘नाखवा’ फारसीतून. समुद्राशी आपले नाते जुने आहे. नागपुरात एनसीसीचे नौदल युनिट आहे. तिथल्या कॉलेजात नाव घालणार असाल, तर त्याची चौकशी जरूर करा, मुलीसाठीही करा.