ट्रलीचे पान : वाकलेला पेला आणि कारखान्यातली उमेदवारी



यंदाच्या गणपतीच्या जेवणाला जे हजर होते त्यांना पेल्यांची फजिती आठवत असेलच. प्लॅस्टिक नको, म्हणून आम्ही मुद्दाम ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले पारदर्शक पेले आणले होते. मठ्ठा झाला, कोकम सरबत झाले, सर्व काही यथासांग. जेवणानंतर कोणीतरी त्याच पेल्यांत वाफाळता चहा ओतला आणि पेले हातातल्या हातात वाकले. सतरंजी भिजली, एका वहिनींची नवी साडीही भिजली.

“फसवलं की हो दुकानदारानं!” असे एक काकू म्हणाल्या. तेव्हा खुर्च्या रचून ठेवणारा, येत्या जूनमध्ये लीव्हिंग सर्टिफिकेटला बसणारा आपल्यातलाच एक मुलगा म्हणाला, “काकू, पेला खोटा नाही. तो पीएलएचा आहे. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. गार पेयांसाठीच असतो तो.”

मग त्याने जे सांगितले ते आम्हा सर्वांना नवीन होते. दह्याला आंबटपणा आणणारे लॅक्टिक आम्ल साखरेपासून आंबवून मोठ्या प्रमाणावर करता येते. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पीएलए नावाचे प्लॅस्टिक तयार होते. पण परसातल्या खतखड्ड्यात टाकले तर ते लवकर कुजत नाही. त्याला कंपोस्ट कारखान्यातली साधारण ५८ अंशांची ऊब लागते. म्हणून प्रमाणपत्राचे चिन्ह पाहून असा पेला तपकिरी डब्यात टाकायचा. हिरव्या, म्हणजे रीसायकलिंगच्या डब्यात नाही. (ज्यांनी त्या दिवशी हिरव्या डब्यात टाकले, त्यांत आम्हीही होतो.)

मुलाचे कौतुक झाले. आईवडील मात्र गप्प होते. कारण नंतर भांडी विसळताना कळले. मुलाला कॉलेज नको असे नाही, पण त्याला प्लॅस्टिकच्या कारखान्यात उमेदवारी करत शिकायचे आहे. वडील म्हणाले, “एवढ्या लांब आलो, रात्रपाळ्या केल्या, त्या काय पोरानं मशीनवर उभं राहावं म्हणून?”

त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच आले होते. ‘कारखान्यात लावला’ हे शब्द आपल्याकडे अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी वापरले जातात. म्हणून घरी आल्यावर आम्ही थोडी चौकशी केली. ती येथे मांडत आहोत.

आयर्लंडमध्ये २०१७ पासून ‘पॉलिमर प्रोसेसिंग टेक्नॉलॉजी’ या विषयाची उमेदवारी चालू आहे. ती तीन वर्षांची असून शेवटी लेव्हल ७ ची, म्हणजे बॅचलर ऑफ इंजिनिअरिंगची पदवी मिळते. पदवी देणारी संस्था स्लायगोची. ती पूर्वी आयटी स्लायगो होती, एप्रिल २०२२ पासून अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा भाग आहे. बराचसा हाताचा सराव अॅथलोनच्या फर्स्ट पॉलिमर ट्रेनिंग या संस्थेत होतो. बाकीचा वेळ कंपनीत, पगारावर. वर्गात बसण्याच्या आठवड्यांतही पगार कंपनीच देते. लेव्हल ७ नंतर लेव्हल ८ करण्याची वाट पुढे असतेच.

अॅथलोनच का? तेथे १९७० साली रीजनल टेक्निकल कॉलेज उघडले आणि पुढे प्लॅस्टिकच्या शिक्षणासाठी ते नावाजले. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिमरिकच्या संस्थेशी एक होऊन त्याचे टीयूएस विद्यापीठ झाले. कंपनीला अडचण आली की तिने थेट तेथल्या संशोधकांकडे जावे, यासाठी ‘गेटवे’ म्हणून खास केंद्र आहे. असेच एक केंद्र आपल्या ट्रलीतही आहे, हे आम्हाला इतकी वर्षे ठाऊक नव्हते! एमटीयूमधले (म्हणजे १ जानेवारी २०२१ पर्यंतचे आयटी ट्रली) शॅनन एबीसी. ते प्लॅस्टिकचे नव्हे, तर समुद्री शेवाळ, दुग्धव्यवसायातले उरलेसुरले पदार्थ अशा नैसर्गिक मालातून उपयोगी वस्तू काढण्यात कंपन्यांना मदत करते. २०१८ साली टिपररीतल्या लिशीनसाठी जो प्रकल्प जाहीर झाला, त्यातही कल्पना अशीच होती : चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीतून लॅक्टिक आम्ल आणि त्यातून प्लॅस्टिक. दुधाच्या या देशात ती सुचली यात नवल नाही.

आता मशीनवर उभे राहण्याविषयी. पीएलएचा दाणा मशीनमध्ये घालण्याआधी नीट सुकवावा लागतो. ओल राहिली तर उष्णतेत त्याच्या साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ निघतो. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला पदार्थ कारखान्यात अशा साध्या कारणाने फसू शकतो. फसला का, हे रसायन समजणाऱ्याला मशीन ठाऊक नसेल तर कळत नाही, आणि मशीन चालवणाऱ्याला रसायन ठाऊक नसेल तर तोही सांगू शकत नाही. दोन्ही जाणणारा माणूस तयार व्हावा, म्हणून तर कॉलेज आणि कारखाना मिळून हे शिक्षण देतात.

आपल्याकडेही हे अगदी नवे नाही. पुण्याच्या पाषाण भागातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. डॉ. माशेलकर १९८९ ते १९९५ तिचे संचालक होते. तेथल्या पॉलिकार्बोनेटवरच्या संशोधनाचे पेटंट हक्क नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या जीई कंपनीने घेतले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलची ताटे आणि एकदाच वापरायचे बरेचसे प्लॅस्टिक बंद केले. बंदी झाली, पण त्याजागी वापरायचे काय ते कोणीतरी बनवायला हवे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला पीएलए बनवणारा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. ज्या जेजुरीला आपण भंडारा उधळायला जातो, तेथे आता साखरेच्या वंशातले प्लॅस्टिक होते!

हे सर्व आम्ही त्या वडिलांना सांगितले. ते लगेच ‘हो’ म्हणाले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. त्यांची काळजी खोटी नाही. पाळीचे काम असते, ट्रलीहून अॅथलोन लांब आहे, आणि मुळात उमेदवार घेणारी कंपनी आधी मिळावी लागते. कंपनीने घेतले नाही तर प्रवेश नाही, मग गुण कितीही असोत.

शेवटी तडजोड अशी ठरली. सीएओचा अर्ज १ फेब्रुवारीच्या आत नेहमीप्रमाणे भरायचा, आणि त्याचबरोबर कंपन्यांना पत्रेही लिहायची. एक केल्याने दुसरे बंद होत नाही. आई म्हणाली, “पत्रं आधी मला दाखव, शुद्धलेखन बघते.” आम्हाला वाटते, अर्धी परवानगी तेथेच मिळाली.

वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणी प्लॅस्टिकच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात असाल, तर दिवाळीच्या फराळाला थोडे लवकर या आणि या मुलाशी व त्याच्या वडिलांशी बोला. पाळी कशी असते, बढती कशी होते, खरे तेच सांगा. फक्त गोड गोड नको.

आणि हो, यंदा फराळाच्या चहाला प्रत्येकाने आपापला कप घरून आणावा, असे सर्वानुमते ठरले आहे.