पावती कोणासाठीं?

हातांत मावणाऱ्या यंत्रावर व्यापाराचा हिशेब ठेवण्याची विद्या आपल्याकडे आली, तेव्हां तिचें स्वागत करणाऱ्यांनीं एकच प्रश्न विचारला: काम किती लवकर होईल? तें काम कोणाच्या सोयीनें होईल, हा दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारला नाहीं. त्या राहिलेल्या प्रश्नाकडे सुशिक्षित वाचकांचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ह्या लहान यंत्रांवरील सॉफ्टवेअर ज्यांनीं लिहवून घेतलें व ज्यांनीं लिहिलें, त्या दोघांनींही पेढीची सोय पाहिली. यंत्र ज्याच्या हातांत राहावयाचें तो मनुष्य, आणि ज्याच्या पैशाची नोंद त्यांत व्हावयाची तो मनुष्य, हे दोघेही त्यांच्या गणतींत नव्हते.

हातांतील व्यापारी यंत्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें विमानतळावर घाईनें चाललेला कोणी परदेशी अधिकारी उभा राहतो. परंतु महाराष्ट्राच्या लहान बाजारपेठांत असलें यंत्र प्रथम ज्यांच्या हातीं आलें, त्यांत पिग्मी एजंट हा प्रमुख होय. बदलापूर स्टेशनाच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या अंगास असलेली बेलवली हें एके काळचें खेडें. आज तें कुळगांव-बदलापूर नगरपालिकेच्या वस्तींत मिसळून गेलें आहे. ह्या नगराची लोकसंख्या 2011 च्या शिरगणतींत पावणेदोन लाखांच्या घरांत गेली. अशा वस्तींत भाजीवाली, चहावाला, शिंपी, केशकर्तनालयाचा मालक अशा शेंकडों माणसांची मिळकत रोजची आणि शिल्लकही रोजची असते. त्यांस पेढीवर जाऊन रांगेत उभें राहण्यास वेळ नाहीं. म्हणून पेढीच त्यांच्या दारीं जाते. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या उडुपी येथील सिंडिकेट बँकेनें 1928 सालीं रोजच्या दोन आण्यांपासून ही पिग्मी ठेव सुरू केली. तिचें अनुकरण पुढें सहकारी बँकांनीं व पतसंस्थांनीं केलें, आणि गरिबाच्या घरचें लग्न, मुलांची फी व दिवाळीचा बाजार ह्या ठेवींवर कितीएक वेळां निभावला.

पूर्वीं एजंटाच्या काखेंत वही असे व ठेवीदाराजवळ पुठ्ठ्याचें कार्ड असे. एजंट दोन्हींवर रक्कम मांडी व कार्डावर सही करी. पुढें वहीच्या जागीं तळहाताएवढें यंत्र आलें. सकाळीं पेढीच्या संगणकास तें जोडावयाचें, म्हणजे सर्व खात्यांची आदल्या दिवसापर्यंतची बाकी त्यांत उतरते. दिवसभर खातेक्रमांक व रक्कम दाबावयाची, म्हणजे पावती बाहेर येते. सायंकाळीं पुन्हा संगणकास जोडावयाचें, म्हणजे दिवसाचा भरणा पेढीच्या खतावणींत जातो. वाटेंत तारेचा अगर रेंजचा संबंध नाहीं. ही योजना मूळची उत्तम होती, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों. रोजच्या रोज नोंद, बेरजेची चूक नाहीं, आणि वीज गेली अथवा पावसानें संपर्क तुटला तरी कामाचा खोळंबा नाहीं. थोड्या साधनांत पुष्कळ काम करून घेण्याची ही शिस्त आजच्या अवजड ॲपांनीं गमावली, ह्याचेंही आम्हांस वाईट वाटतें.

परंतु ती पावती हातांत घेऊन पाहा. बेलवलीच्या बाजारांत ज्या पावत्या आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांवर संस्थेचें नांव इंग्रजींत, 'मागील बाकी' आणि 'एकूण बाकी' हे शब्द इंग्रजींत, तेही तोडून तीन-तीन अक्षरांचे केलेले, आणि ठेवीदाराच्या नांवाऐवजीं बहुधा एक लांबलचक क्रमांक. आंकडे भाजीवालीस वाचतां येतात. इंग्रजी आंकड्यांचा सराव बाजारानें तिला करून दिला आहे. पण त्यांपैकीं कोणता आंकडा आजचा, कोणता कालचा, आणि हें खातें आपलेंच कशावरून, हें तिला कळावें कसें? शिवाय हा कागद उष्णतेनें उमटणारा. उन्हांत, घामाच्या हातीं, तव्याशेजारच्या डब्यांत ठेविला कीं कांहीं महिन्यांत त्यावरील अक्षरें उडून जातात. पुठ्ठ्याचें कार्ड मळत असे, पण कोरें होत नसे. पुराव्याच्या नांवाखालीं जें दिलें तें वाचतां येत नाहीं, आणि वाचण्यास कोणी शेजारी बोलवावा तर तोंवर तें टिकत नाहीं!

येथें कोणी म्हणेल कीं, एवढ्याशा चिठोऱ्यासाठीं एवढा गहजब कशाला? गहजब अशासाठीं कीं, ह्या व्यवहारांत लबाडीस अथवा चुकीस जागा एकाच क्षणीं असते. पैसे हातांतून हातांत जातात आणि आंकडा दाबला जातो, त्या क्षणीं. शंभराच्या जागीं दहा दाबले गेले, किंवा शेजाऱ्याच्या खात्यावर रक्कम चढली, तर पेढीचा संगणक तें निमूटपणें मान्य करील. कारण त्याच्या दृष्टीनें बेरीज बरोबरच असते. ती चूक पकडूं शकणारा जगांत एकच मनुष्य आहे, आणि तो म्हणजे समोर उभा असलेला ठेवीदार. एजंटावर पाळत ठेवण्यासाठीं पेढीनें यंत्रास कुलूप घातलें, सांकेतिक शब्द नेमला, दिवसाअखेर मोजदाद लावली. पण शेंकडों ठेवीदारांचे डोळे विनामूल्य राखणीस मिळत होते, ते मात्र तिनें आपल्या हातानें बांधून टाकले. वाचतां येणारी पावती ही सर्वांत स्वस्त तपासणी होय, हें ज्यांस उमगलें नाहीं त्यांनीं हिशेबाचें सॉफ्टवेअर लिहिलें, हें नवल नव्हे काय?

एजंटाची स्थितीही निराळी नाहीं. तो फिरतो आळीच्या क्रमानें. यंत्र चालतें खातेक्रमांकाच्या क्रमानें. म्हणून त्याच्या खिशांत अजून एक लहानशी वही असते, आणि तींत मराठींत 'कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला', 'पिंपळाखालची मावशी' अशा खुणांपुढें खातेक्रमांक लिहिलेले असतात. ही वही म्हणजे त्या सॉफ्टवेअरवर लिहिलेली सर्वांत कठोर टीका होय. ठेवी गोळा करणारे हे लोक कामगार होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2001 सालीं सिंडिकेट बँकेच्या खटल्यांत दिला. न्यायालयानें ज्यांस कामगार मानलें, त्यांच्या कामाची रीत सॉफ्टवेअर करणारांनीं एक दिवस त्यांच्यामागून फिरून पाहिली असती, तर ती वही यंत्रांत गेली असती.

आतां प्रतिपक्षाच्या म्हणण्याकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, यंत्रें लहान, त्यांची स्मरणशक्ति तुटपुंजी, आणि देवनागरी लिपी पसरट. काना-मात्रा-वेलांटीस व जोडाक्षरांस जागा कोठून आणावी? ह्यांत तथ्य आहे. 1996 सालीं अमेरिकेंत निघालेल्या पायलट नांवाच्या प्रसिद्ध यंत्राची स्मरणशक्ति अवघी 128 किलोबाइट होती, व पडदा 160 ठिपके रुंद आणि तितकाच उंच होता; आमच्या पिग्मी यंत्राचा पडदा तर त्याहूनही तोकडा. पण पावतीवर महाकाव्य छापावयाचें नव्हतें. 'जमा', 'मागील बाकी', 'एकूण बाकी', 'दिनांक', 'सही' असे फार तर वीस शब्द. एकेका शब्दाचें 48 ठिपके रुंद व 24 ठिपके उंच असें चित्र तयार करून ठेविलें, तर त्यास 144 बाइट लागतात. वीसही शब्दांस तीन किलोबाइटांहून कमी. हें गणित शाळेंतल्या मुलासही करतां यावें. शिवाय ही विद्या दूर कोठें समुद्रापलीकडे नव्हती. पुण्यांत 1988 सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणून दाखविली होती, आणि भारतीय लिप्यांच्या सांकेतिक अंकांचें राष्ट्रीय मानक 1991 सालींच ठरलें होतें. उणीव होती ती इच्छेची.

दुसरा आक्षेप असा कीं, व्यापाराची भाषा इंग्रजीच. हें म्हणणाऱ्यांनीं आपल्या आजोबांचीं दप्तरें उघडून पाहावीं. ह्या प्रांताचा हिशेब शतकानुशतकें मोडींत चालला. मोडीचें वैशिष्ट्य काय? आधीं पानभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची, आणि मग तिच्याखालीं लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरामागून अक्षर काढीत जावयाचें. कारकुनाच्या हाताची त्वरा हेंच त्या लिपीचें ध्येय. योगायोग पाहा कीं, पायलट यंत्रावर लिहिण्यासाठीं जी ग्राफिटी नांवाची अक्षरपद्धति होती, तिचेंही तत्त्व तेंच: बहुतेक प्रत्येक अक्षर एका झटक्यांत, लेखणी न उचलतां. फरक इतकाच कीं, मोडी लिहिणाऱ्याच्या हातासाठीं वळली, आणि ग्राफिटीसाठीं लिहिणाऱ्यास आपला हात यंत्राच्या आकलनाप्रमाणें वळवावा लागला. ज्या समाजानें हिशेबाच्या घाईसाठीं स्वतंत्र लिपी राबविली, त्याला 'तुझ्या भाषेंत व्यापार होत नाहीं' असें त्याच्याच नातवांनीं सांगावें, ह्याहून मोठा विस्मरणाचा प्रकार आमच्या माहितींत नाहीं.

परदेशी यंत्रांचें अनुकरण करणाऱ्यांनीं त्या यंत्रांच्या जन्माची कथा तरी नीट वाचावयास हवी होती. पायलटचा कर्ता जेफ हॉकिन्स यानें यंत्र बनविण्यापूर्वीं त्या आकाराचा लांकडी ठोकळा खिशांत बाळगला, आणि दिवसभरांत कोणत्या प्रसंगीं तो काढावासा वाटतो, हें स्वतः अनुभवून पाहिलें. आम्हीं त्याचा पडदा उचलला, त्याचीं बटणें उचललीं. तो लांकडी ठोकळा मात्र तेवढा घेतला नाहीं. आपल्याच देशांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिंप्युटर नांवाचें यंत्र योजिलें. तें एका गांवांत अनेकांनीं मिळून वापरावें, प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या कार्डांत राहावी, आणि यंत्रानें देशी भाषेंत बोलावें, अशी ती कल्पना होती. 2004 सालीं तें विक्रीस आलें. खप कांहीं हजारांपलीकडे गेला नाहीं. तें महाग पडलें, आणि लवकरच मोबाईल फोनानें बाजार व्यापला, हें खरें. पण नोंद ज्याची, ती त्याच्या हातीं राहावी, हें त्यामागील सूत्र यंत्राबरोबर बुडवावें, असा नियम कोणीं केला होता?

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा: हा सारा इतिहास झाला, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोठा मोबाईल आहे, त्यांत मराठी आहे, मग जुनीं मढीं कां उकरावीं? आमचें उत्तर असें कीं, यंत्र बदललें, दृष्टि तीच राहिली. 2021 सालीं अंगणवाडी सेविकांना बालकांच्या पोषणाची नोंद करण्यासाठीं जें ॲप सक्तीचें झालें, त्याची इंग्रजी आणि सरकारी फोनांची दुर्बलता ह्यांस कंटाळून महाराष्ट्रांतील सेविकांनीं ते फोन परत करण्याचें आंदोलन केलें. तेथें स्मरणशक्तीची सबब उरली नव्हती. उलट दुकानाच्या गल्ल्यावर ठेविलेली, ग्राहकानें पैसे भरतांच रक्कम मराठींत उच्चारणारी पेटी पाहा. दुकानदारास काय हवें आहे हें तिच्या कर्त्यांनीं ओळखलें, म्हणून ती टपरीटपरीवर बसली. तिनें कोणावर उपकार केले नाहींत. ऐकणाऱ्याच्या भाषेंत बोललेला हिशेब हा धंद्यासही फायद्याचा असतो, एवढेंच तिनें सिद्ध केलें.

अखेरीस एक शब्द आमच्या वाचकांच्या घरांविषयीं. बेलवली-बदलापुरांतील किती तरी घरांतून मुलगे व मुली पहांटेची गाडी पकडून मुंबई, ठाणें, ऐरोली येथील कचेऱ्यांत सॉफ्टवेअर लिहावयास जातात. त्यांतील कितीएकांनीं दूरदेशच्या कोठारांसाठीं व दुकानांसाठीं हातांतील यंत्रांवरचीं उत्तम सॉफ्टवेअरें लिहिलीं असतील. त्या कष्टांचा आम्हांस अभिमान आहे. पण घराखालच्या इस्त्रीवाल्याच्या हातांतली पावती त्यांनीं कधीं उलगडून पाहिली काय? आणि सहकारी बँकांच्या व पतसंस्थांच्या वार्षिक सभांस जे गृहस्थ नियमानें जातात, लाभांशाचा दर काय हें विचारतात, त्यांनीं 'पावती मराठींत कां नाहीं?' हा प्रश्न कधीं केला काय? सॉफ्टवेअर विकणारा पेढीचें ऐकतो. पेढी सभासदांचें ऐकते, निदान तिनें ऐकावें असा कायदा आहे. तेव्हां दोषाचा धागा शेवटीं आपल्याच दिवाणखान्यांत येऊन पोंचतो.

आमच्या मागण्या चारच आहेत. पावतीवर ठेवीदाराचें नांव व प्रत्येक शब्द त्याला वाचतां येईल अशा भाषेंत असावा. तिची टिकाऊ प्रत, मग ती जुन्या पुठ्ठ्याच्या कार्डावरची कां असेना, त्याच्याजवळ राहावी. यंत्राचा क्रम एजंटाच्या फेरीचा असावा. आणि कोणतेंही नवें यंत्र अथवा ॲप विकत घेण्यापूर्वीं तें एक महिना बाजारांत एजंट व ठेवीदार यांच्या हातीं देऊन, त्यांचें म्हणणें लिहून घ्यावें. ह्यांपैकीं एकीसही मोठें भांडवल लागत नाहीं. पुढील वार्षिक सभेची नोटीस घरीं येईल, तेव्हां ती केराच्या टोपलींत न टाकतां वाचकांनीं सभेस जावें, आणि बाजारांतील एक पावती बरोबर घेऊन जावी.